एकेचाळीस यजमान

परबबाईंनी माझ्या हातून एकच शब्द कायमचा सोडवला, आणि तो नेमका माझ्या पोटापाण्याचा होता. ‘लाभार्थी’. परदेशी मदतीवर चालणाऱ्या संस्थेत अहवाल लिहिणाऱ्याला हा शब्द सोडायला लावणं म्हणजे आचाऱ्याला मीठ वर्ज्य करणं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या उत्साहाने एक तक्ता भरला होता. साठ घरांना सौर कंदील वाटायचे होते, म्हणून मी लिहिलं, ‘लाभार्थी : साठ’. तेवढ्यात एक बुटकी बाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. चष्मा कपाळावर, साडी खळ घालून कडक केलेली, आणि भर डिसेंबरात पायात पावसाळी सँडल.

“कंदील कुठे आहेत?” त्यांनी विचारलं.

“गोदामात.”

“मग लाभ कोणाला झाला? गोदामवाल्याला?”

“तसं नाही, पुढच्या महिन्यात वाटले की होणारच ना.”

“पुढच्या महिन्यात साठ घरांत कंदील जातील. लाभ झाला का, ते कंदील तुला फोन करून सांगणार आहेत? बाजारात तुरी नि भट भटणीला मारी! नाव काय तुझं?”

“जोशी.”

“हे बघ जोशी, मदत आणि औषध सारखंच. किती बाटल्या दिल्या ते कंपाउंडर लिहितो. डॉक्टर विचारतो, लागू पडलं का. तू सध्या कंपाउंडर आहेस.”

त्या दिवसापासून ऑफिसात माझं नाव कंपाउंडर पडलं. एम. ए. करून, मुलुंडहून रोज दिंडोशीला येऊन, इंग्रजीत पानंच्या पानं लिहिणारा मी, आणि चहावाला सुद्धा विचारायचा, ‘कंपाउंडरसाहेब, कटिंग की फुल?’ परबबाईंवर मी आठवडाभर मनातून जळफळत होतो. आठव्या दिवशी त्यांनी डब्यातलं तिसऱ्यांचं सुकं माझ्यापुढे सरकवलं. मी जोशी असल्याचं त्या सोयीस्करपणे विसरल्या होत्या. मीही विसरलो.

आमचं ऑफिस एका वसाहतीच्या दुकानांवर, दुसऱ्या मजल्यावर होतं. भिंतीपलीकडे दातांचा दवाखाना. त्यामुळे आम्ही ‘शाश्वत विकास’ म्हटलं की पलीकडून ड्रिलचा आवाज येई आणि कोणीतरी कळवळून ओरडे. आम्हाला मदत यायची उत्तरेकडच्या एका थंड देशातल्या संस्थेकडून. तिचं नाव सांगत नाही, एक तर मला ते अजून नीट उच्चारता येत नाही. परबबाई आमच्या ऑफिसात एकवीस वर्षं होत्या. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तसं कुटुंब लालबाग सोडून दिंडोशीला आलं, आणि बाई शिकवण्या घेता घेता या संस्थेत चिकटल्या. हुद्दा ‘अनुवादक व क्षेत्र समन्वयक’. याचा अर्थ त्या असा सांगत, “साहेब बोलतात ते बायकांना सांगायचं, आणि बायका बोलतात त्यातलं साहेबाला झेपेल तेवढं साहेबाला सांगायचं.”

हे झेपवण्याचं काम बघण्यासारखं असे. एकदा बाहेरच्या एक प्रशिक्षक मॅडम आल्या. पडद्यावर चित्रं लावून त्या बायकांपुढे आत्मविश्वासावर पंधरा मिनिटं बोलल्या आणि अनुवादासाठी थांबल्या. परबबाई उठून म्हणाल्या, “ह्या म्हणतायत, तुम्ही हुशार आहात, पण तुम्हाला ते माहीत नाही.”

मागून एक बाई म्हणाली, “आम्हाला माहीत आहे. आमच्या नवऱ्यांना माहीत नाही.”

परबबाईंनी मॅडमना इंग्रजीत सांगितलं, “त्या म्हणतात, ट्रेनिंग नवऱ्यांना द्या.” मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. पंधरा मिनिटांच्या भाषणातून एवढं निघालं तरी खूप झालं, असं बाईंचं मत पडलं.

त्यांचा दुसरा नाद म्हणजे फेरी. एखादा प्रकल्प संपला, फोटो निघाले, अहवाल गेला, की आमच्या दृष्टीने विषय मिटे. लग्न लागल्यावर भटजी काही संसार कसा चाललाय ते बघायला जात नाही. परबबाई जात. बरोब्बर एक वर्षाने, शनिवारी, आपल्या सुट्टीत, आपल्या तिकिटाने. ‘प्रकल्प संपल्यावर परत जाणे’ असा रकानाच आमच्या कागदांत नव्हता. तिथे जाऊन त्या एकच विचारत, “आम्ही दिलेलं ते कुठे आहे? दाखवा बघू.” आणि मग लोक जे काही दाखवत, त्याला त्या म्हणत ‘म्युझियम’. आरे कॉलनीतल्या एका घरात आमची बिनधुराची चूल कोंबडीला अंड्यांवर बसायला दिलेली होती. बाईंनी वहीत नोंद केली, ‘धूर नाही. पिल्लं आठ.’

खारदांड्याच्या फेरीला त्या मला घेऊन गेल्या. वर्षापूर्वी तिथे आम्ही मच्छरदाण्या वाटल्या होत्या. चांगल्या, औषध लावलेल्या, परदेशी. किनाऱ्यावर पोचलो तर काय, आमच्या सगळ्या मच्छरदाण्या उन्हात आडव्या पसरलेल्या, आणि त्यांच्याखाली जवळा वाळतोय! मला घाम फुटला. अहवालात मी ‘डासांपासून संरक्षण’ या मथळ्याखाली दोन पानं लिहिली होती.

“मावशी, ही जाळी झोपताना लावायची होती ना?” मी विचारलं.

कोळीणमावशी माझ्याकडे दयेने बघत म्हणाल्या, “आरं, हितं वारा केवडा हाय! मच्छर टिकतंय कुटं? मच्छर त्या मागच्या गल्लीत, गटाराजवळ. पन जाली एक नंबर हाय हां. जवल्यावर कावला बसत नाय.”

“आणि मागच्या गल्लीत कोणी दिल्या का?” परबबाईंनी विचारलं.

“तितं तुमची गारी जात नाय ना. तुमी हितंच वाटून गेलाव.”

परबबाईंनी मला कोपराने ढोसलं. त्या औषध लावलेल्या जाळीखाली खाण्याचं काही वाळवू नका, हे त्यांनी मावशींना नीट बसून समजावलं आणि साध्या जाळीचं दुकान कुठे आहे तेही सांगितलं. परतताना मी तोंड पाडून बसलो होतो. बाई मात्र खुशीत होत्या. अहवालात त्यांनी लिहिलं, ‘जाळी लागू पडली. डासांना नव्हे, कावळ्यांना. मागच्या गल्लीत देणे.’ आमच्या संचालिका वैद्य मॅडम यांनी पहिली दोन वाक्यं खोडली. तिसरं राहिलं, आणि पुढच्या खेपेला मागच्या गल्लीत मच्छरदाण्या गेल्या. “तीनांतलं एक टिकलं,” बाई म्हणाल्या. “गव्हर्न्मेंटात एवढं पण टिकत नाही.”

असा सगळा आनंद असताना एके दिवशी जेवायच्या सुट्टीत त्या गप्प बसल्या होत्या. डबा उघडाच, हात तसाच. मी विचारलं, काय झालं?

“सहा महिन्यांनी रिटायर होतेय रे. एकवीस वर्षांत कंदील दिले, चुली दिल्या, शिट्ट्या दिल्या. बायकांना शिट्ट्या! पण एकदाही, एकदाही, लोकांनी मागितलं ते दिलं, असं झालं नाही. जाण्याआधी एकदा बघायचंय मला. बस.”

मी थट्टा करणार होतो, पण त्यांच्या डोळ्यांकडे बघून माझा डबा त्यांच्यापुढे सरकवला.

योगायोगाने त्याच महिन्यात थंड देशातून साहेब आले. नाव हेन्रिक. साडेसहा फूट उंची, उन्हाने लाल झालेलं नाक, स्वभावाने गाईसारखा. परबबाईंनी पहिल्या तासातच त्याचं ‘हेरंब’ करून टाकलं आणि तोही हाकेला ओ देऊ लागला. आरेतल्या एका पाड्यावर पाणी शुद्ध करणारं यंत्र बसवायचं, असं तिकडे जवळजवळ ठरलं होतं. पाड्याचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर उद्या तिथे आणखी चार संस्था पोचतील. हेरंबला फक्त लोकांशी बोलायचं होतं. झाडाखाली बायका जमल्या. हेरंबने मान वाकवून हळुवारपणे विचारलं, पाच वर्षांनंतरचं तुमचं स्वप्न काय?

परबबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि मराठीत विचारलं, “पाच वर्षांनी काय नको असेल?”

मी दचकलो. “बाई, स्वप्न विचारलंय!”

“गप रव मेल्या,” त्या पुटपुटल्या. चिडल्या की त्यांची मालवणी बाहेर येई. “स्वप्न विचारलं तर माणसा पिक्चरमधला सांगतत. काय नको ता इचार, मगे खरा बोलतत.”

आणि खरंच, क्षणभरही न थांबता एक आडव्या बांध्याची, पन्नाशीची बाई म्हणाली, “हा हंडा.”

ही बायजाबाई. मान किंचित डावीकडे कललेली. तिने जे सांगितलं ते असं. पाणी चांगलं आहे, गोड आहे, त्याने कोणी आजारी पडत नाही. पण नळ खाली, गाड्यांच्या रस्त्याला, आणि पाडा वर. भरलेला हंडा घेऊन चढायचं. मध्ये दम लागतो, मान भरून येते. पण हंडा खाली ठेवता येत नाही. का? तर एकदा जमिनीवर ठेवला की एकटीला परत डोक्यावर घेता येत नाही. दुसरी कोणी येईपर्यंत ताटकळायचं, नाहीतर दम कोंडून तसंच चालायचं.

“मान चाललीय माझी,” बायजाबाई म्हणाली. “आणखी दोन पावसाळे काढील, मग नाय. वाटेत एक ओटा बांधून द्या. डोक्याएवढा. हंडा सरकवायचा, बसायचं, परत सरकवून घ्यायचा. यंत्र नको. यंत्र काय हंडा उचलतं का?”

हेरंबने सगळं ऐकलं, मान डोलावली, आणि परत गेला. महिन्याभराने तिकडून कागद आला, ‘यंत्राला तत्त्वतः मंजुरी. अंतिम निर्णयासाठी कुटुंबवार माहिती पाठवा.’ यंत्राचा फोटो छान येतो. ओट्याचा काय फोटो येणार?

परबबाईंनी कुटुंबवार माहितीचा मराठी फॉर्म स्वतः तयार केला, स्वतः छापून आणला आणि आठ दिवस पाड्यावर जाऊन भरला. एकेचाळीस घरं. मी ते गठ्ठे न वाचताच थंड देशाला पाठवून दिले. तिकडे भाषांतर करायला त्यांनी एक बाई शोधून ठेवल्या होत्या, लग्न होऊन तिथे स्थायिक झालेल्या, जुन्या वळणाच्या. तीन आठवड्यांनी इंग्रजी भाषांतर सगळ्यांना मेलवर आलं. वैद्य मॅडम यांनी ते वाचलं आणि मला आत बोलावलं. त्यांचा आवाज इतका शांत होता की पलीकडे दात काढून घेणाऱ्याचा हेवा वाटावा.

“जोशी, हे वाचा.”

मी वाचलं. ‘या प्रकल्पाला एकेचाळीस नवरे आहेत. त्यांपैकी चौतीस नवरे स्त्रिया आहेत. सहा नवरे विधवा असून एका नवऱ्याला मानदुखीचा त्रास आहे. नवऱ्यांच्या मते पाणी चांगले आहे. नवऱ्यांना यंत्र नको, ओटा हवा. एका वर्षानंतर सर्व नवऱ्यांची पुन्हा भेट घ्यावी, असे कार्यकर्तीचे मत आहे.’

झालं होतं ते एवढंच. ‘लाभार्थी’ हा शब्द बाईंना चालत नसे, म्हणून फॉर्ममध्ये सगळीकडे त्यांनी ‘यजमान’ असं छापलं होतं. आणि तिकडच्या जुन्या वळणाच्या बाईंच्या लेखी यजमान म्हणजे एकच. ‘आमचे यजमान ऑफिसला गेलेत’ यातले.

मी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तो फसला. वैद्य मॅडम हसल्या नाहीत. “दुपारी हेन्रिक व्हिडिओ कॉलवर येणार आहेत. प्रकल्प रद्द झाला तर यंत्रही जाईल आणि ओटाही. परबबाईंना सांगा, फॉर्म पुन्हा, नेहमीच्या शब्दाने भरून द्या. आणि माफी मागा.”

बाईंना सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. त्यांना तसं घाबरलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. “माझ्या हट्टापायी बायजाचा ओटा गेला काय रे?” एवढंच म्हणाल्या. घरी फोन केला तर मिस्टर परब म्हणाले, “मी एकटा पुरत नव्हतो होय तुला?” त्यावरही हसल्या नाहीत.

दुपारी पडद्यावर हेरंबचं लाल नाक उगवलं. तो फार सभ्य माणूस. घसा खाकरून त्याने विचारलं, हे जे चौतीस स्त्री-नवरे आहेत, ती या समाजातली प्रथा आहे का? असल्यास आम्ही तिचा आदरच करतो.

वैद्य मॅडम यांनी डोळे मिटले. परबबाई उभ्या राहिल्या. व्हिडिओ कॉलवर उभं राहायचं नसतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पडद्यावर त्यांचं फक्त पोट आणि कडक साडी दिसत असणार. आपल्या तुटक, ठाम इंग्रजीत त्या म्हणाल्या, “हेरंब, चूक माझी आहे. माफ कर. पण शब्द बरोबर आहे. आमच्यात यजमान म्हणजे ज्याच्या घरी आपण जातो तो. पाड्यावर आपण पाहुणे आहोत. पाहुण्याने यजमानाला विचारायचं, काय आणू? आपण काय करतो? आपल्याला आवडलेली भाजी स्वतःच शिजवून नेतो, त्यांच्या घरात बसून त्यांना वाढतो, आणि म्हणतो, खा. मग त्यांनी खाल्ली, असा फोटो काढतो. मी एकवीस वर्षं हे केलंय. ते एकदा म्हणाले, ओटा. एवढंच म्हणाले.”

पडद्यावरचं लाल नाक जागच्या जागी थिजलं. मला वाटलं, नेट गेलं. मग हेरंब म्हणाला, “मी येतो.”

आला तो सरळ पाड्यावर. परबबाईंनी त्याला खालच्या नळाशी नेलं आणि भरलेला हंडा त्याच्या डोक्यावर ठेवला. हंड्याखालची चुंबळ बायजाबाईने स्वतः वळून दिली. साडेसहा फुटी साहेब डोक्यावर हंडा घेऊन चढायला लागला तसं निम्मा पाडा झाडाआडून बघत होता. अर्ध्या वाटेत त्याचं लाल नाक जांभळं झालं आणि त्याने हंडा खाली ठेवला. बायजाबाईने सगळ्यांना हातानेच खूण केली, कोणी हात लावायचा नाही. हेरंबने हंडा उचलून बघितला. छातीपर्यंत आला. तिथून डोक्यावर जाईना. अर्धा हंडा त्याच्या शर्टावर सांडला. मग तो तिथेच दगडावर बसला आणि त्याने परबबाईंकडे बघून एकच प्रश्न विचारला, “किती उंच?”

ओटा मंजूर झाला. पण ओटा हा साधा प्रकार नाही, हे मला पुढे कळलं. प्रस्तावात त्याला काहीतरी बरं नाव हवं म्हणून मी ‘विसावा’ असं लिहिलं. स्वतःवर खूश होऊन पाड्यावर वाचून दाखवलं तर बायका मागे सरकल्या.

“विसावा म्हणजे तिरडी ठेवतात तो ना?” बायजाबाईने विचारलं. “मेल्यावर ठेवतील तवा ठेवतील. आम्हाला जित्तेपणी पायजे.”

परबबाई इतक्या हसल्या की त्यांचा कपाळावरचा चष्मा खाली पडला. नाव ‘हंडाओटा’ ठरलं. मग आमच्या इंजिनियरने नकाशा काढला, त्यात ओटा कमरेएवढा, कारण त्याच्या पुस्तकात ओटा स्वयंपाकघरातच असतो. “इथे काय पोळ्या लाटायच्यात?” असं विचारून बाईंनी तो परत केला. दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसात आल्या त्या हातात एक कळकाची काठी घेऊन. बसमध्ये कंडक्टरने तिचं तिकीट मागितलं म्हणून भांडून आल्या होत्या. काठीवर कोयत्याने पाडलेल्या तीन खाचा. त्यांनी ती मीटिंगच्या टेबलावर ठेवली.

“हे डिझाइन. खालची खाच बायजाची, मधली बहुतेकींची, वरची त्या दोघी उंच बहिणींची. तीन टप्पे, पायऱ्यांसारखे. हंडा उचलायचा नाही, नुसता सरकायला हवा.”

इंजिनियरने काठी मोजून घेतली. परवानग्यांची कथा वेगळीच आहे, ती सांगत बसलो तर तेवढ्यात आणखी एक ओटा बांधून होईल. पण बाई निवृत्त व्हायच्या अकरा दिवस आधी वाटेच्या मध्यावर ओटा उभा राहिला. बायजाबाईने पहिला हंडा सरकवला, वाकडी मान दोन्ही हातांनी दाबली आणि लांब श्वास सोडला. परबबाई तिच्या शेजारी बसून राहिल्या. निरोपाच्या समारंभात बाईंना शाल मिळाली, नारळ मिळाला, वैद्य मॅडम यांचं भाषण मिळालं, पण त्यांचं त्यात लक्ष नव्हतं.

एक वाद तेवढा शेवटपर्यंत चालला. ओट्यावर देणगीदारांची पाटी लावायची, असा वैद्य मॅडम यांचा आग्रह. पाटी तयार होऊन आलीही होती, काळी, सोनेरी अक्षरांची. “पाहुण्याने यजमानाच्या दारावर आपल्या नावाची पाटी ठोकायची?” असं बाईंनी हेरंबला लिहून विचारलं. हेरंबचं उत्तर आलं, पाटी नको. ती अजून आमच्या दाराआड भिंतीकडे तोंड करून उभी आहे.

वर्ष झालं. एका शुक्रवारी बाईंचा फोन आला. “महिनाअखेर आम्ही दोघं गावी जातोय रे, कायमचे. उद्या फेरी आहे. येतोस?”

मी मुलुंडहून गेलो. त्या आरेच्या बस स्टॉपवर उभ्या होत्या, कडक साडीत, पावसाळी सँडल घालून. खालच्या नळापासून आम्ही वाट चढायला लागलो. मला जरा धाकधूक होती. मच्छरदाणीखालचा जवळा डोळ्यांपुढे होता. ओट्यावर काय वाळत असेल, कोण जाणे. दम बाईंनाही लागला होता.

ओट्यावर काही वाळत नव्हतं. मधल्या टप्प्यावर एक भरलेला हंडा होता आणि खाली ओट्याच्या सावलीत एक नवी नवरी पदराने तोंड पुसत बसली होती. हिरवा चुडा, पायात चपला नाहीत. तिने आम्हाला बसायला जागा करून दिली.

“नवीन दिसतेस,” परबबाई म्हणाल्या. “कोणाकडची गं?”

“बायजाबाईची सून. सासू नणंदेकडं गेलीय.”

“मान कशी आहे तिची?”

“बरी हाय आता. पाणी मीच भरते ना.”

बाईंनी ओट्याच्या कडेवरून हात फिरवला. कड झिजून गुळगुळीत झाली होती. त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “हे बरं आहे गं. कोणी बांधलं?”

“माझ्या सासूनं,” मुलगी अभिमानाने म्हणाली. “तिनंच बांधून घेतला. ही खालची जागा तिच्या मापाची हाय.”

“अस्सं? आणि आणखी कोण होतं?”

“आणखी कोण असणार?”

मला राहवेना. एकवीस वर्षं, ते आठ दिवस, ती काठी, तो भिजलेला साहेब! मी तोंड उघडलं, तोच बाईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांच्याही डोळ्यांत होतं, चिमटा न काढता. आणि त्या हसत होत्या. मला त्यांच्या वतीने वाईट वाटत होतं, आणि त्या इतक्या खुशीत मी कधीच पाहिल्या नव्हत्या.

“तुम्ही पैल्यांदाच आलाव का हिकडं?” मुलीने विचारलं.

“हो गं बाय,” परबबाई म्हणाल्या, “पहिल्यांदाच.”

मुलगी उठली, ओट्याला पाठ लावून जरा वाकली, आणि हंडा अलगद तिच्या डोक्यावर सरकला. थेंबही सांडला नाही. एका हाताने हंडा सावरत, दुसऱ्या हाताने पदर खोचत ती वर चढून गेली. वळणापलीकडे जाईपर्यंत बाई तिच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून पुसला, पर्समध्ये ठेवला आणि बसच्या रस्त्याकडे उतरायला लागल्या. “बाई, पाड्यावर जायचं नाही का?” मी मागून ओरडलो.

“चल,” त्या मागे न बघता म्हणाल्या. “आपलं इथे आता काही काम नाही.”